दर पंधरा दिवसांनी ताप : पाळणाघरात जाणाऱ्या मुलाची आजारपणे

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)

माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. जूनमध्ये त्याला घराजवळच्या पाळणाघरात घातले आणि तेव्हापासून एकही महिना आजारपणाशिवाय गेलेला नाही. आधी नाक वाहू लागते, दुसऱ्या रात्री ताप चढतो, ताप उतरला की खोकला मागे राहतो आणि तो पुरता थांबण्याआधीच पुढची सर्दी सुरू होते. दिवाळीनंतर थंडी पडू लागल्यापासून रात्रीचा खोकला वाढला आहे. यजमानांची अंबड एमआयडीसीत पाळीची नोकरी असल्याने त्यांच्या रात्रपाळीच्या आठवड्यात मी एकटीच जागते आणि सकाळी कामावर जाते. माझ्या किरकोळ रजा ऑक्टोबरातच संपल्या. एका डॉक्टरांनी प्रत्येक वेळी अँटिबायोटिक दिले, दुसऱ्यांनी त्याची गरज नव्हती असे सांगितले. सासूबाई म्हणतात की लेकराची प्रतिकारशक्तीच कमी आहे, त्याला पाळणाघरातून काढा. त्यांची काळजी खरी आहे, म्हणून त्यांना नुसते ‘काही होत नाही’ असे उत्तर मला द्यायचे नाही. एवढे आजारपण नेहमीचे आहे का? आणि रात्री दोन वाजता ताप १०३ असताना सकाळपर्यंत थांबावे की नाही, हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद १ (दोन मुलांची आई, पंचवटी)

ताई, माझ्या धाकट्या मुलीचे पहिले वर्ष अगदी असेच गेले. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे आणि पाळणाघरात जाणाऱ्यांना ती दहा-बारा वेळाही होते, असे आमच्या डॉक्टरांनी समजावले होते. एका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, हे लक्षात घेतले तर मूल ‘सतत आजारी’ का वाटते याचा उलगडा होतो. सर्दीचे विषाणू शेकडो प्रकारचे असल्याने एकीतून बरे झालेल्या मुलाला दुसरी होतेच. पाळणाघरातून काढल्यास ही आजारपणे बहुधा बालवाडीच्या पहिल्या वर्षावर ढकलली जातात.

मला खरा उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. ताप कोणत्या तारखेला आला, किती चढला, किती दिवस राहिला, कोणते औषध दिले आणि दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांत मूल खेळते-जेवते का, एवढेच मी लिहीत असे. मधल्या दिवसांत मूल हसते-खेळते असेल आणि वजन वाढत असेल, तर प्रतिकारशक्तीची शंका बरीच मागे पडते. याउलट वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला, चार-पाच वेळा कान फुटला किंवा वजन वाढेनासे झाले, तर तपासण्यांचा विषय स्वतःहून काढा. प्रत्येक सर्दीत छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर तेही डॉक्टरांना वेगळे सांगा.

प्रतिसाद २ (परिचारिका, सातपूर)

मी काही वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात काम केले आहे. तापाच्या आकड्यापेक्षा मुलाचा श्वास आणि त्याची हुशारी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. मूल शांत किंवा झोपलेले असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलात ते ४० किंवा अधिक भरले, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडू लागला, मूल पाणीही पिईना, उठवूनही नीट जागे होईना, आठ-दहा तास लघवी झाली नाही किंवा तापात आकडी आली, तर सकाळची वाट पाहू नये. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तरी लगेच दाखवावे. १०३ ताप असूनही औषधानंतर मूल पाणी पीत असेल, तुमच्याकडे पाहून बोलत असेल आणि श्वास शांत असेल, तर रात्र घरी काढता येते.

पॅरासिटामॉलबाबत मात्र अतिशय जपा, कारण सर्वाधिक चुका तिथेच होताना मी पाहिल्या आहेत. मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते : एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि दिवसात चारपेक्षा अधिक मात्रा नाहीत. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम लागते. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून ते साडेतीन मिलिलिटरच्या आसपास होते, तर १२० मिलिग्रॅमच्या बाटलीतून साडेसात. थेंबांचे औषध याहून तीव्र असते. बाटली बदलली की लेबल पुन्हा वाचा आणि घरातल्या चमच्याऐवजी मापाची सिरिंज वापरा.

खोकल्याचे औषध दुकानातून परस्पर आणू नका. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले आहे. तुमच्या मुलाला झोपताना अर्धा चमचा मध चालेल. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध देऊ नये. विषाणूच्या सर्दीवर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. ते लिहून दिले, तर ‘संसर्ग नेमका कुठे आहे?’ असे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कानाचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग निघाला, तर सांगितले तितके दिवस ते पूर्ण द्यावे. फ्लूची लस घेतली नसेल तर तेही विचारा. पहिल्या वर्षी तिच्या दोन मात्रा चार आठवड्यांच्या अंतराने देतात.

प्रतिसाद ३ (वडील, पाथर्डी फाटा)

मीही पाळीत काम करतो. आमच्याकडे पत्नी सलग चार रात्री जागल्यानंतर चक्कर येऊन पडली, तेव्हा माझे डोळे उघडले. त्यानंतर मी रात्रपाळीहून आलो की सकाळी सात ते अकरा मूल माझ्याकडे आणि तिची झोप, असे ठरवले. कार्यालयात तिने आजारपणाच्या दिवसांपुरती उशिरा येण्याची परवानगी लेखी मागितली आणि ती मिळाली. तुमच्या सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्या. माझ्या आईने आमचे कधी ऐकले नाही, पण डॉक्टरांना तिने स्वतः चार प्रश्न विचारले आणि त्यानंतर औषधांची वही तीच लिहू लागली.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जुने कागद काढून जूनपासूनची आजारपणे तारखांसह लिहिली, तेव्हा ती सात भरली. त्यांत न्यूमोनिया एकदाही नाही, कानाचे दुखणे एकदा आहे आणि चार वेळा दिलेल्या अँटिबायोटिकपैकी तीन नुसत्या सर्दीसाठी होती. आज पहाटे तो झोपेत असताना श्वास मोजले, ते २८ होते. मंगळवारी वजन करायला आणि लसीचे विचारायला जाणार आहोत, आणि सासूबाई सोबत येणार आहेत.