मूल गेलेल्या आईबापांसाठी शिबिर, सहल असं काही असतं का? कुणी गेलंय का?

लातूरकर८१:
विषय अवघड आहे पण विचारतो. माझा भाचा दिवाळीनंतर गाडीवरून येताना गेला, एकुलता एक. ताई दिवसभर त्याच्या खोलीतच असते, दाजी उलट सकाळी उठले की दुकानात जाऊन बसायलेत, रात्रीशिवाय घरी नाहीत, दोघांत बोलणंच राहिलं नाही. फेसबुकवर ऋषिकेशच्या हीलिंग रिट्रीटची, म्हणजे दुःखातून सावरायच्या शिबिराची जाहिरात दिसली, पैसे बक्कळ आहेत. घरचे म्हणायलेत विपश्यनेला पाठवा, फुकट असतं. वर्षश्राद्धाच्या आधी न्यावं का कुठं?

गोदाकाठ:
विपश्यनेची घाई करू नका. मी संभाजीनगरला धम्म अजंता या विपश्यना केंद्रात बसलोय, कोर्स चांगला आहे त्यात वादच नाही, पण १० दिवस मौन, मोबाईल जमा, बाया-गडी वेगळे, पहाटे ४ ला घंटा. जिला आत्ता पोराबद्दल बोलायचंय तिला गप्प बसवून काय मिळवणार? अन् अर्जात मानसिक त्रास, गोळ्या सगळं विचारतात, ताईंना झोपेच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका.

ठेचाभाकर:
माझी लेक गेली, त्याला बरीच वर्षं झाली म्हणून लिहू शकते. नातेवाइकांसोबत तुळजापूरला गेले होते, बसमधी शेजारची बाई सहज म्हणाली, लेकरं किती तुम्हाला? मला एक म्हणावं का दोन तेच कळंना. पुढं आमच्यासारख्याच चार घरच्या आया मिळून माहूरला गेलो. तिथं हा प्रश्नच नाही. रात्री भक्तनिवासात प्रत्येकीनं मोबाईलमधले फोटो काढले, माझ्या लेकीला ठेचा किती तिखट लागायचा इथपर्यंत बोलणं, रडता रडता हसलो सुद्धा. एक जण गड चढायला नाही म्हणाली, खालीच बसली, कुणी आग्रह केला नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९६९ मधी 'कम्पॅशनेट फ्रेंड्स' ही मूल गेलेल्या आईबापांची संस्था निघाली ती पण अशीच, एकाच दवाखान्यात पोरं गेलेल्या दोन घरांची गाठ तिथल्या पाद्रीनं घालून दिली त्यातून. म्हणून ऋषिकेशवाल्यांना आधी विचारा, चालवणारं कोण, शिकलेला समुपदेशक आहे का, एखाद्या कार्यक्रमाला नाही बसलं तर चालतं का. "३ दिवसांत दुःखमुक्त" असलं लिहिलं असेल तर पैसे घरीच ठेवा.

गोदाकाठ:
+१. अन् ताई जेवत-झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर सहल नंतर, आधी डॉक्टर. टेली मानस ही सरकारची मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो.

परळीचा_पोरगा:
दाजींसाठी सांगतो. गडीमाणूस गोलात बसून बोलणार नाही, आमचे काका पण असेच. शेगावची पालखी आषाढीला परळी, अंबाजोगाईवरून जाते, एखादा टप्पा सोबत चालू द्या, मागंमागं चालायला कोण अडवतंय. चालता चालता बाजूच्याशी आपोआप निघतं तोंडातून. कुणी विचारलं तरी तोंडाकडं बघून बोलावं लागत नाही ना.

ठेचाभाकर:
दाजींना चालेल, ताईला एवढ्या गर्दीत नको हं एवढ्यात. दोघांना एकाच गाडीत बसवलंच पाहिजे असं काही नाही.

लातूरकर८१:
हे डोक्यातच नव्हतं, मी दोघांना सोबतच न्यायच्या मागं लागलो होतो. दाजींना पालखीचं विचारतो. ठेचाभाकर ताई, तुमच्यातली कुणी लातूरकडची असेल तर आमच्या ताईशी फोनवर बोलेल का? आधी ताईला विचारतो, ती हो म्हणाली तरच मेसेज करतो.