विषय: शाळेत आय.ई.पी. (शिकायला अडचण असलेल्या मुलासाठीचा लेखी शिक्षण आराखडा) मागायचंय, सुरुवात कुठून करू?

एडिसन, न्यू जर्सीची एक आई (मॉडरेटरमार्फत, नाव देत नाहीये):

नमस्कार मंडळी, मुलगा सेकंड ग्रेडला आहे. बडबड भरपूर, आरत्या तोंडपाठ, पण वाचायला बसवलं की पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून देतो, हाऊसला हॉर्स, आणि मग रडारड. टीचर म्हणतात आय अँड आर.एस.मधली (नेहमीच्याच वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना मिळणारी) एक्स्ट्रा हेल्प संपू दे मग बघू, वर हेही ऐकवलं की घरी मराठी बोलता म्हणून कन्फ्यूज होत असेल. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना इंग्लिश येत नाही, मग काय नातवाने आजीशी बोलायचंच नाही? आणि नवऱ्याला धास्ती की एच-1बीवर आहोत, ग्रीन कार्ड लाइनमध्ये आहे, हे कुठे रेकॉर्डवर यायला नको. कोणी यातून गेलंय का?

Re: प्लेन्सबोरोहून

ताई, आधी नवऱ्याला सांगा निवांत झोपा. पब्लिक स्कूलमधलं स्पेशल एड (विशेष शिक्षण) पब्लिक चार्जमध्ये, म्हणजे ग्रीन कार्ड देताना 'हा सरकारवर भार होईल का' हे बघतात त्यात, धरत नाहीत आणि शाळेला तुमच्या व्हिसाशी घेणंदेणं नाही.

आता मुद्द्याचं. टीचरशी पिकअपच्या वेळी कितीही बोललात तरी शाळेच्या मुदतीचं घड्याळ सुरू होत नाही, लेखीच द्यावं लागतं. दोन ओळी पुरतात, 'माझ्या मुलाचं चाइल्ड स्टडी टीमकडून (शाळेची मुलं तपासणारी तज्ज्ञांची टीम) इव्हॅल्युएशन व्हावं', खाली तारीख. न्यू जर्सीत त्यानंतर 20 दिवसांत मीटिंग घ्यावी लागते, आणि तुम्ही इव्हॅल्युएशनला सही दिलीत की 90 दिवसांत टेस्ट, एलिजिबिलिटी आणि पात्र ठरला तर आय.ई.पी. सुरू, एवढं सगळं उरकायचं असतं. एक्स्ट्रा हेल्प चालू आहे म्हणून इव्हॅल्युएशन लांबवता येत नाही, फेडरल शिक्षण खात्याने 2011 मध्येच तसं कळवलंय, पण शाळा आपणहून थोडीच सांगणार! टेस्टचे रिपोर्ट पात्रता ठरवायच्या मीटिंगच्या 10 दिवस आधी हातात मिळायला हवेत, ते वाचल्याशिवाय जाऊ नका, नाहीतर तिथे पाच-सहा जण आकडे वाचत सुटतात आणि आपण नुसती मान डोलावतो.

Re: पार्सिपनीचे काका

मुलगा हुशार दिसतोय, उगाच लेबल कशाला? चांगली ट्यूशन लावा, आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं.

Re: रोजचंच काम आहे म्हणून लिहितेय (स्पीच थेरपिस्ट, सॉमरसेट)

काका, तुमच्या वेळीही ही मुलं होती, मागच्या बाकावर बसून छड्या खायची. हुशार असूनही वाचायला असं अडणं हे डिस्लेक्सियामुळे (अक्षरं आणि आवाज जुळवायला अडचण) असू शकतं, आणि लक्षणं दिसत असतील तर सेकंड ग्रेडच्या पहिल्या सेमिस्टरपर्यंत स्क्रीनिंग करायचं असा न्यू जर्सीचा कायदाच आहे. ते झालंय का, हे ताईंनी त्याच मेलमध्ये विचारावं.

मराठीचं म्हणाल तर अजिबात थांबवू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. उलट घरी बघा, 'कमळ'मधला क काढला तर काय उरतं, हे त्याला सांगता येतं का. मराठीतही अडत असेल तर प्रश्न इंग्लिशचा नाही, आणि हे टीमला आवर्जून सांगा, कारण इंग्लिश कमी येतं एवढ्याच कारणावरून मुलाला पात्र ठरवता येत नाही आणि टेस्ट करतानाही घरची भाषा विचारात घ्यावी लागते.

आय.ई.पी.तले गोल्स नीट वाचा. 'वाचन सुधारेल' हा काही गोल नाही. आज मिनिटाला किती शब्द बरोबर वाचतो, वर्षअखेरीला किती, कोण शिकवणार, आठवड्यातून कितीदा, किती मिनिटं, ग्रुपमध्ये की एकट्याला, सगळं लिहून घ्या. 'गरजेनुसार' असं दिसलं की तिथेच अडवा. अजून एक, पहिल्या आय.ई.पी.ला तुमची सही लागतेच, पण नंतरच्या वर्षी बदल पटला नाही तर 15 दिवसांत मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (कायदेशीर सुनावणी) मागावं लागतं, गप्प बसलात तर तो बदल लागू होतो. यात भलेभले अडकतात.

Re: एडिसनची आई

खूप आभार, काका तुमचेही. मेल लिहून तयार आहे, टीचरनाच पाठवू ना?

Re: प्लेन्सबोरोहून

नको, डायरेक्टर ऑफ स्पेशल सर्व्हिसेसना पाठवा, प्रिन्सिपल आणि टीचर सीसीमध्ये. आणि मीटिंगला नवऱ्याला न्याच, एकाने बोलायचं, एकाने लिहायचं.