मोठे टायर टाकले, आता ब्रेक कमी पडतायत – मदत हवी आहे

मंडळी, गाडी फोर बाय फोर, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. २९ इंची टायर काढून ३५ इंची मड टेरेन (चिखलात चालणारे, खोल नक्षीचे टायर) टाकले. दगडधोंड्यांत मजा येते, पण डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबायचं नावच घेत नाही.

कारण कळतंय. टायरची त्रिज्या वाढली की तेवढ्याच ब्रेकला जमिनीवर मिळणारा जोर कमी होतो. माझ्या हिशेबाने सुमारे १७ टक्के. शिवाय चाकं जड, म्हणजे फिरता भारही वाढला. डिफरन्शियलचा रेशो (चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरचं प्रमाण) जुनाच असल्याने उतारावर इंजिन ब्रेकिंगही ढिलं पडलंय. परवा लांब उतार लो रेंज (फोर बाय फोरचा हळू, जास्त ताकदीचा गिअर) न लावता उतरलो (चूक माझीच), तर खाली येईपर्यंत ब्रेक पॅडचा (डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्यांचा) वास आणि पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबेना. ब्रेक फ्लुइड (ब्रेकचं तेल) उकळलं असतं तर पेडल मऊ पडलं असतं, म्हणजे पॅडच तापून गेले असावेत, बरोबर ना?

आधी चांगले पॅड टाकून बघू, की सरळ मोठी डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग)? रिम १६ इंची आहे, आत किती मोठी डिस्क मावते? कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले तर मास्टर सिलिंडरही (पेडल दाबल्यावर फ्लुइडला दाब देणारा) बदलावा लागतो का? एक मेकॅनिक म्हणतो मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) टाक, पण त्याने पेडल कडक होऊन दाब उलट कमीच होईल ना?

मागचे ड्रम काढून डिस्क बसवलेल्यांनी प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हचं (मागच्या ब्रेकचा दाब मर्यादित ठेवणारा) काय केलं, तेही सांगा. मागची चाकं आधी लॉक व्हायला नकोत.