बाबांची वॅगनार: १३ वर्षं, १९ हजार किलोमीटर

सी-१०४: नमस्कार मंडळी, बिल्डिंगमधल्या गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा सांगा. बाबांची वॅगनार २०१२ ची, मीटरवर १९,४०० फक्त. सोमवारी कपिलेश्वरच्या देवळात आणि महिन्यातून एकदा बँकेत, एवढीच बाहेर निघते, बाकी खाली कव्हर घालून उभी. आता २२ तारखेला ताईच्या बाळाचं बारसं आहे गोव्यात म्हापशाला आणि बाबा म्हणतात आपल्याच गाडीनं बेळगावहून चोर्ला घाटातून जायचं. गॅरेजला दाखवली तर १६,८०० चं एस्टिमेट हातात दिलं. बाबांचं म्हणणं, अजून २० हजार पण पळाली नाही, नवीच आहे, एवढं काय करायचंय. शेवटची सर्व्हिसिंग २०२१ ला झाली होती. काय करू?

सी-३०३: १९ हजार म्हणजे काहीच नाही की अक्का. १० हजाराला एक धरली तर दोनच सर्व्हिसिंग बसतात तुमच्या. ऑइल बदला आणि जावा बिनधास्त

ए-३०१ वहिनी: आमची पण तशीच उभी असते, ह्यांनी लॉकडाऊननंतर हातच लावला नाही तिला. काय निघतंय ते इथंच लिहा सगळ्यांनी, पर्सनलवर नको

बी-२०२ काका: थांबा जरा, चष्मा घेऊन नीट टाईप करतो.

बी-२०२ काका: हे बघ बाळ, गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढ, डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल. त्यात सर्व्हिसच्या पानावर दोन रकाने असतात, एक किलोमीटरचा आणि एक महिन्यांचा, आणि वर लिहिलेलं असतं की जे आधी येईल ते. आपण सगळे पहिलाच रकाना वाचतो. १० हजार किंवा १ वर्ष म्हणजे तुझ्या बाबांच्या, आमच्या तात्यांच्या गाडीची ऑइलं १२-१३ वेळा बदलायला पाहिजे होती. चाळीस वर्षं उद्यमबागेत मशीनवर काढली मी, बंद पडलेली मशीन चालू मशीनपेक्षा लवकर गंजते हे डोळ्यांनी बघितलंय, गाडीचं काय वेगळं नाही.

सी-३०३: पण काका ऑइल वापरलंच नाही तर खराब कसं होईल? डब्यातलं ऑइल तर वर्षानुवर्षं टिकतंय की

बी-२०२ काका: डबा सीलबंद असतो रे. इंजिनात काय होतं सांगतो. पेट्रोल जळलं की पाण्याची वाफ होते, त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूनं खाली ऑइलमध्ये जाते, थंड इंजिनला जास्तीचं पेट्रोल जातं त्यातलं पण थोडं खाली उतरतं. गाडी अर्धा तास नीट पळाली, ऑइल तापलं, की हे सगळं उडून जातं. तात्या इथनं कपिलेश्वरला जातात, दोन-तीन किलोमीटर, इंजिन कोमट होईपर्यंत देऊळ आलं, गाडी बंद. परत येताना तेच. ते पाणी ऑइलमध्येच राहिलं, त्यातनं आम्ल तयार होतं आणि चिकट गाळ धरतो. सायलेन्सरचं पण तेच, आत पाणी साचून आतनंच गंजतो, वरनं कळत पण नाही. म्हणजे रोज हुबळीला जाऊन येणाऱ्या गाडीपेक्षा ह्या गाडीचं ऑइल जास्त त्रासात असतं. उद्या सकाळी बॉनेट उघडून ऑइल टाकायचं झाकण फिरव आणि आतल्या बाजूला पांढरट सायीसारखं काही लागलंय का बघ.

सी-१०४: काका आत्ताच खाली जाऊन बघून आले, मोबाईलचा टॉर्च लावून. आहे हो. कॉफीवरच्या फेसासारखं, बोटाला चिकटलं

बी-२०२ काका: घाबरू नको, झाकणापुरतंच असलं तर ते साचलेलं पाणीच. कूलंटची टाकी पण बघून ठेव, पातळी कमी झाली असली तर मग वेगळा विषय, हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग बघावं लागेल.

सी-१०४: पातळी बरोबर आहे, दोन रेषांच्या मध्ये. पण रंग आधी हिरवा होता म्हणतात बाबा, आता गढूळ दिसतोय

बी-१०१ अण्णा: कूलंट बदलून घ्या मॅडम. आमच्या भावाच्या गाडीत नळाचं पाणी घालत होते, रेडिएटर आतनं पूर्ण बसला, नवीनच घालावा लागला. गंज धरू नये म्हणून जे औषध असतं ना त्यात, ते दोन-तीन वर्षांत संपतंय, गाडी पळू दे नाहीतर उभी राहू दे

ए-१०२ काकू: अगं तुझे बाबा रोज सकाळी फडक्यानं पुसतात गाडी, मी गॅलरीतनं बघते. पाऊस असला तरी पुसतात. तिला काही होणार नाही.

बी-२०२ काका: काकू, तात्यांसारखी गाडी आख्ख्या टिळकवाडीत कुणी ठेवली नसेल. पण पुसलेलं वरचं झालं, मी सांगालोय ते सगळं आतलं. आता ब्रेक. चोर्ला म्हटलं आणि मला पहिल्यांदा ब्रेकच आठवला. इथनं जांबोटी, कणकुंबीपर्यंत ठीक, कणकुंबीच्या पुढं उतार सुरू होतो तो थेट साखळीकडं, जाताना सगळा ब्रेकवर. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबरी होजमधनं, टाकीच्या झाकणातनं, गाडी बंद असू दे नाहीतर चालू. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते, मग ते काय कोरडं राहणार? झाकणावर ऑइलचा दर्जा, डॉट ३ का डॉट ४, लिहिलेला असतो. नवीन डॉट ३ निदान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तोच आकडा १४० ला येतो. डॉट ४ चं २३० वरनं १५५. घाटात सतत पाय दाबून ठेवला की चाकाजवळचा ब्रेक दाबणारा कॅलिपर तापतो, त्या पाण्याची वाफ होते, आणि ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणजे पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं, किलोमीटर कितीही असू दे. तुझ्या एस्टिमेटमध्ये ब्रेक ऑइल लिहिलंय का बघ.

सी-१०४: एस्टिमेट टाकते. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, व्हील अलाइनमेंट, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्ट, बॉडीवर टेफ्लॉन कोटिंग, खालून अँटीरस्ट, लेबर. ब्रेक ऑइल नाही काका. ब्रेक चेकिंग एवढंच लिहिलंय.

सी-३०३: म्हणजे २० हजार किमीचं पॅकेज लावून दिलं वाटतं सरळ

बी-२०२ काका: हो ना, तेच झालंय. मीटर बघितलं, गाडीचं साल बघितलंच नाही. टायर पण नाहीत त्यात. बाळ, टायर कधीचे आहेत?

सी-१०४: गाडीबरोबर आलेलेच. पण नक्षी खोल आहे अजून, काहीच झिजले नाहीत, बाबा दर पंधरवड्याला हवा भरतात

बी-२०२ काका: टायरच्या बाजूला इंग्रजीत DOT लिहून पुढं बरीच अक्षरं असतात, शेवटी एका चौकोनात चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. कधी कधी हे आकडे आतल्या बाजूला असतात, मग स्टेअरिंग पूर्ण वळवून बघायचं. वाच आणि सांग.

सी-१०४: ०७१२. चारही. स्टेपनीवर ०६१२

बी-२०२ काका: म्हणजे २०१२ चा सातवा आठवडा, फेब्रुवारी. १३ वर्षं. पाच वर्षं झाली की दरवर्षी दाखवून घ्या आणि १० वर्षांच्या पुढं नक्षी कितीही असली तरी वापरू नका, असं टायर बनवणारेच सांगतात. उभ्या गाडीत रबर वाळतं, कडक होतं, भेगा पडतात, एकाच जागी वजन पडून चपटं होतं.

माझ्या सँट्रोचं सांगतो, ग्रुपवर कधी बोललो नाही. २००७ ची, ३१ हजार पळालेली. २०१९ ला कोल्हापूरला अंबाबाईला निघालो, बायको आणि नातू मागं. यमकनमर्डीच्या अलीकडं हायवेवर मागचा डावा टायर फुटला. नक्षी नवी असल्यासारखी होती, मला कौतुक होतं त्या टायरचं. ८० ला होतो, गाडी डिव्हायडरकडं ओढली गेली, कशी सरळ धरली मला आजपण सांगता येणार नाही. बाजूला घेऊन थांबलो तेव्हा नातू विचारत होता आजोबा कसला आवाज आला. मी पाच मिनिटं उतरलो नाही, पायच उचलेना. मशीन दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं टायरवरची तारीख वाचली नव्हती. त्यानंतर सगळे पाच नवीन घातले, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या टायरकडं बघत असतो येता-जाता.

ए-३०१ वहिनी: अरे देवा. काका हे आम्हाला माहीतच नव्हतं

ए-१०२ काकू: 🙏

सी-१०४ (बाबा): गाडी मी जपूनच वापरली आहे. खड्ड्यात घातली नाही, कुणाला चालवायला दिली नाही. हिची आई पहिल्या दिवशी कपिलेश्वरला बसून गेली होती तिच्यातून. बॅटरी दोन वेळा बदलली, त्यात कसूर केली नाही.

बी-२०२ काका: तात्या, तुम्ही जपली नाही असं कोण म्हणेल. बॅटरी बदलली कारण बॅटरी बोलते, सकाळी किल्ली फिरवली आणि टक टक आवाज आला की माणूस जातोच दुकानात. ऑइल, ब्रेक ऑइल, टायर हे बोलत नाहीत. त्यांना तारखेनंच ओळखावं लागतं. म्हापशाला तुमच्याच गाडीनं जा, मीच म्हणतो, पण चार दिवस द्या मला. आमच्या ओळखीचा मिस्त्री आहे, मी स्वतः उभा राहतो.

सी-१०४ (बाबा): बरं. सांगा काय काय करायचं.

बी-२०२ काका: इंजिन ऑइल आणि फिल्टर तर लगेच, आणि जुनं निघालेलं फारच घाण असलं तर हजार-दोन हजार किलोमीटरवर परत एकदा बदला, तीनेक लिटरचा प्रश्न आहे. इंजिन फ्लश मात्र नको, १३ वर्षं बसलेला गाळ एकदम सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकलेला मी बघितलाय. इंजेक्टर, टेफ्लॉन, एसीचा फवारा हे सगळं खोडा, गाडी नीट ओढते ना मग कशाला. ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, चारही चाकांच्या ब्रेकमधनं हवा काढून, आणि मागचे ब्रेकचे ड्रम उघडायचे, लायनर कडक झालेत का, ब्रेकचा सिलिंडर गळतोय का बघायचं. हे चेकिंग नुसतं लिहून होत नाही, चाक काढावं लागतं. कूलंट बदला आणि त्याच वेळी रबरी होज बोटानं दाबून बघा, कडक किंवा भेगा असल्या तर बदला. आल्टरनेटरचा पट्टा, वायपरचं रबर. टायर पाच. खर्च टायरनंच वाढणार, तो टाळू नका, लागलं तर बाकीचं पुढच्या महिन्यात करा.

सी-३०३: टायमिंग बेल्ट काका? यूट्यूबवर सगळे तेच सांगतात जुन्या गाडीला

बी-२०२ काका: बरोबर विचारलंस. माझ्या सँट्रोत बेल्ट आहे, तो मी वर्षं मोजून बदलतो, तुटला तर इंजिनच खोलावं लागतं. तात्यांच्या वॅगनारमध्ये के सिरीजचं इंजिन, त्यात चेन आहे, तिला ठरावीक वर्षांनी बदलायचं नसतं, ऑइल वेळेवर बदललं की पुष्कळ. ज्यांच्या जुन्या ८०० किंवा ८०० सीसीच्या अल्टो आहेत त्यांच्यात बेल्ट, त्यांनी बघा.

बी-१०१ अण्णा: पेट्रोलचं पण सांगा काका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं येतंय, ते पण पाणी ओढतंय म्हणतात

बी-२०२ काका: ओढतंच. २०१२ ची गाडी काय त्याच्यासाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि त्यांचे जोड वास घेऊन, हात लावून बघायला सांगतो मिस्त्रीला. आणि टाकीत चार महिने तेच पेट्रोल ठेवू नका. निघायच्या आधी ताजं भरा.

ए-३०१ वहिनी: उंदरांचं काय हो? मागच्या पावसात आमच्या वायरी कुरतडल्या, हेडलाइट गेली

सी-३०३: आमचे मामा निपाणीचे, ते तंबाखूची पानं फडक्यात बांधून बॉनेटमध्ये ठेवतात, उंदीर फिरकत नाहीत म्हणे

बी-२०२ काका: ठेवा, पण पट्ट्यापासनं आणि सायलेन्सरच्या गरम पाइपापासनं लांब बांधा, आणि पुडी कुठं बांधली ते लक्षात ठेवा. एअर फिल्टरचा डबा उघडून बघा, उंदरांची घरटी तिथं सापडतात.

---

सी-१०४: मंडळी, अपडेट. चार दिवस काका आणि बाबा गॅरेजमध्येच होते, डबा पण तिकडंच नेला. ब्रेक ऑइल निघालं ते कडक चहासारखं, मिस्त्रीनं बाटलीत धरून दाखवलं, बाबा बराच वेळ ती बाटली हातात घेऊन बसले. मागचा एक सिलिंडर गळत होता, ड्रम उघडल्याशिवाय कळलाच नसता. टायर पाच नवीन. एकूण २९ हजारांच्या वर गेलं, पण टायर सोडले तर गॅरेजच्या एस्टिमेटपेक्षा कमीच. पेडल आता वरच्या वरच लागतं, बाबा म्हणाले मला इतकी वर्षं वाटायचं ह्या गाडीचा ब्रेक असाच आहे.

बी-२०२ काका: बॉनेटच्या आत कागद चिकटवलाय मी, प्लॅस्टिक लावून. त्यावर आजची तारीख आणि प्रत्येक गोष्टीची पुढची तारीख. किलोमीटर मुद्दाम लिहिले नाहीत. आणि तात्या, सोमवारी कपिलेश्वर झालं की गाडी तशीच पुढं राकसकोपच्या धरणाकडं काढायची, अर्धा-पाऊण तास, चौथ्या-पाचव्या गिअरला. नुसती जागेवर चालू ठेवून इंजिन नीट तापत नाही. पाऊस असताना आणून लावली तर हँडब्रेक ओढून आठवडाभर ठेवायची नाही, मागचे लायनर ड्रमला चिकटतात, पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला दगड. २०२७ ला गाडीला १५ वर्षं होतात, आरटीओत आरसी रिन्यू करून घ्यायची आहे, तेव्हा फिटनेस बघतात, गाडी अशी ठेवली तर त्या दिवशी पळापळ नाही.

सी-१०४ (बाबा): सोमवारी सकाळी ७ ला निघतो. मागं दोन जागा आहेत, कुणाला राकसकोपला यायचं असेल तर सांगा.

ए-१०२ काकू: मी येते. पोहे करून घेते.

सी-३०३: काका, आमच्या पप्पांच्या अल्टोच्या टायरवर ३४१४ लिहिलंय. आणि ती ८०० सीसीचीच आहे

बी-२०२ काका: किल्ली घेऊन खाली ये, मी उतरतोय.