प्रति: कुठला ऑप्टिमायझर कुठे, शोधण्यात अख्खा दिवस गेला

२२ सोलर पॅनलांचे ऑप्टिमायझर (प्रत्येक पॅनलाखाली बसणारी, त्या पॅनलाची वीज वेगळी सांभाळणारी डबी) नकाशाशी, म्हणजे कुठला नंबर छपरावर कुठे या कागदाशी, जुळवण्यात दिवस गेला, असं तुम्ही वर लिहिलंय. तो दिवस छपरावर नाही, घराच्या सोप्यावर बसून वाचवायचा असतो.

फोंड्यातल्या माझ्या पहिल्या कामात बारकोडचे स्टिकर सोलून कागदावर लावले आणि कागद शर्टाच्या खिशात ठेवला. जूनची सर आली, कागदाचा लगदा झाला. मग नंबर वाचायला पॅनल पुन्हा उचलले, कारण ऑप्टिमायझर पॅनलाखाली दडलेला. आता वर चढण्याआधीच रांगेप्रमाणे मांडून फोनवर स्कॅन करतो आणि मार्करने ‘अ-७’ असं पॅनलाच्या फ्रेमवर नि ऑप्टिमायझरवर दोन्हीकडे लिहितो.

ऑप्टिमायझर सोलरएज कंपनीचा असेल तर आणखी एक युक्ती. इन्व्हर्टर (पॅनलांची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारं यंत्र) बंद असताना प्रत्येक ऑप्टिमायझर साधारण १ व्होल्ट देतो. १४ ची स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली रांग) असेल तर मल्टिमीटरवर १४ च्या आसपास आकडा हवा. १३ दिसला तर एखाद्या पॅनलाचा कनेक्टर त्याच्या ऑप्टिमायझरमध्ये नीट बसलेला नाही, नाहीतर तो ऑप्टिमायझरच तपासा. शून्य आलं तर स्ट्रिंग कुठेतरी तुटलीय.

पेअरिंग (इन्व्हर्टरला ऑप्टिमायझरांची ओळख करून देणं) चांगल्या उन्हातच करा. त्यात इन्व्हर्टरला फक्त नंबर कळतात. कुठला नंबर माडाच्या सावलीत आहे, हे त्याला आपणच सांगायचं.

नकाशाची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून मेन स्विचच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. खिशात नको.