एच-इंडेक्स 4, म्हणजे मॅडम कामाच्या नाहीत का?

साखळीकर:
परवा फोंड्याला ओळखीच्या एका मॅडमकडे चहाला गेलेलो. समाजशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्हींच्या मधल्या बांधावर काम करतात त्या. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या घरात काय झालं, दारू किती वाढली, बायकांनी संसार कसा ओढला, हे बघायला सहा वर्षं डिचोली-सत्तरीत ओसरी-ओसरीवर बसल्या. आणि नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेल्या तर पॅनेलवरच्या एकाने फाइल उघडलीसुद्धा नाही, मोबाइलवर गूगल स्कॉलर (संशोधनाचे पेपर शोधायची गूगलची साइट) काढलं आणि म्हणाला, "मॅडम, एच-इंडेक्स फक्त 4?"

मला तो प्रकार माहीत नव्हता. त्यांनी वीजबिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं: 41, 12, 6, 4, 1. पाच पेपर, प्रत्येकाची सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्याचा किती वेळा दाखला दिला तो आकडा. निदान चार सायटेशन्स असलेले पेपर चार, पाचव्याला एकच, म्हणून इंडेक्स 4. त्या 41 च्या जागी 400 असते तरी 4च. हे कसलं माप?

वास्को_बंदर:
भावना कळल्या, पण आकडा काढून टाकलात तर उरतो काय ते पण सांगा. वशिला! आमच्या इथे पहिला प्रश्न "कोणाचो रे तू?" हा असतो, कुठला गाव, कोणाचा भाचा, कुठल्या सरांचा विद्यार्थी. माझा बाप ट्रकवर क्लीनर होता, मला कोण ओळखतंय? 2005 साली हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने हे माप काढलं तेव्हा एखाद्याच गाजलेल्या पेपरावर कोणी मिरवू नये हाच हेतू होता, त्यामुळे 400 चं 4 राहतं यात चूक काही नाही, ते मुद्दाम तसंच आहे.

माशेलची_सून:
फिजिक्सवाल्याने काढलं, तिथंच गोम आहे. मी लायब्ररीत आहे, रोज हेच बघते. मानसशास्त्रात लॅबचे पाच-सहा जण मिळून पेपर काढतात आणि प्रत्येकाच्या खात्यावर तो पूर्ण जमा होतो, समाजशास्त्रवाला एकटा आठ वर्षं घालवून एक पुस्तक लिहितो. एका पुस्तकाने इंडेक्स वाढून वाढून किती वाढणार, एकने! शिवाय त्याच माणसाचा आकडा स्कोपसवर (ही निवडक जर्नल्सची सायटेशन्स मोजणारी यादी) वेगळा आणि गूगल स्कॉलरवर वेगळा, कारण गूगल मिळेल ते मोजतं आणि स्कोपस फक्त आपल्या यादीतलं. मराठीत गावकरीवर (गावच्या सामाईक जमिनीची आपली जुनी व्यवस्था) कितीही चांगलं लिहा, स्कोपसवर तुम्ही जन्मलेलेच नाही. आपल्या शेजारच्या मालवणचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये, जातीवरचं पुस्तक 1932 चं, अजून वाचतात. त्यांना आज अर्ज करायला लावला असता तर?

काणकोणचा_बाबा:
+1. आणि सायटेशन म्हणजे बरोबर असणं नव्हे. हान्स आयसेंक घ्या, 1997 ला वारला तेव्हा सगळ्यात जास्त सायटेशन्सवाल्या मानसशास्त्रज्ञांत त्याचं नाव होतं. स्वभावावरून कॅन्सर होतो अशा धाटणीचे पेपर. 2019 ला किंग्ज कॉलेज लंडनच्या चौकशीत 26 पेपर भरवशाचे नाहीत ठरले. ज्यांनी त्याला खोडून काढायला पेपर लिहिले त्यांनी त्याचं नाव घेतलं, ते पण त्याच्याच खात्यावर सायटेशन म्हणून चढलं!! शिव्या पण डिपॉझिट.

वास्को_बंदर:
पण त्याला पकडला कोणी? वाचणाऱ्यांनीच ना. 1992 पासून छापील शंका होत्या. कपाटात पडलेला पेपर चूक का बरोबर कोण सांगणार?

माशेलची_सून:
27 वर्षं लागली बाबा. आणि श्रेय कोणाकडे जातं यावर समाजशास्त्रातच लिहून ठेवलंय. मर्टन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1968 ला मांडलं की ज्याचं नाव आधीच मोठं त्यालाच आणखी श्रेय मिळतं. मजा म्हणजे त्यासाठी वापरलेल्या शास्त्रज्ञांच्या बऱ्याचशा मुलाखती हॅरिएट झुकरमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी घेतलेल्या, पेपरावर नाव एकट्या मर्टनचं, नंतर त्यानेच कबूल केलं की तिचं नाव जोडीला हवं होतं 😀

साखळीकर:
वास्को, तुमचा वशिल्याचा मुद्दा मला पटतो, खोटं कशाला बोलू. पण ते गृहस्थ वशिला टाळायला मोबाइल बघत नव्हते, वाचायचा कंटाळा म्हणून बघत होते. दोघांत फरक आहे.

वास्को_बंदर:
असेल. पण एका जागेला साठ अर्ज आले तर सगळ्यांचे पेपर वाचत कोण बसणार, तुम्हीच सांगा.

साखळीकर:
आत्ताच मॅडमना फोन करून विचारलं. अर्ज पाच होते.