पीयूसीनंतर पर्यावरणाची पदवी घ्यायला जर्मनीला जाता येतं का?

शिवारातली

नमस्कार. मी येळ्ळूरची. दहावीपर्यंत मराठी शाळा, आता बेळगावात पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला, पीसीएमबी (भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र) घेऊन. मला पर्यावरणशास्त्रात पदवी करायची आहे.

कारण सांगते. आमची दीड एकर बळ्ळारी नाल्याच्या कडेला आहे. बासमती करतो. जुलैत नाला फुगला की पाणी शेतात शिरतं आणि आठ-आठ दिवस हलत नाही. नुसतं पावसाचं पाणी असतं तर बाबांनी सोसलं असतं. हे काळं असतं, वर फेस. ओसरलं की रोपांच्या बुडाला तेलकट थर राहतो, खरवडला तर नखात बसतो आणि साबणाने हात धुतला तरी वास जात नाही. आजी म्हणते, पूर्वी आपल्याकडं भात शिजला की मागच्या गल्लीत कळायचं. आता आमच्याच सोप्यात कळत नाही. त्या पाण्यात काय काय मिसळलंय, ते मातीत किती वर्षं राहतं, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. मला ते शिकायचंय. गेल्या पावसात मी चार बाटल्या भरून ठेवल्या, कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच बघितला. पुढे काय करायचं ते कळेना.

बाबांबरोबर एका सल्लागाराकडे जाऊन आले. त्यांनी इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची पत्रकं हातात दिली, नोंदणीचे चाळीस हजार सांगितले. मला विषय कुठला हवाय हे एकदाही विचारलं नाही. येताना बसमध्ये बाबा काहीच बोलले नाहीत.

जर्मनीत फी नसते हे खरं का? शेतावर कर्ज मिळतं का? आणि मराठी शाळेतल्या मुलीला जमेल का?

जांबोटीचा

मी खानापूर तालुक्यातला, मीही मराठी शाळेचाच. आता कॉटबुसला आहे, ब्रांडेनबुर्ग राज्यात. इथल्या तांत्रिक विद्यापीठात पर्यावरण आणि संसाधन व्यवस्थापनाची पदवी इंग्रजीत आहे, सहा सेमिस्टरची. अशीच पर्यावरण आणि ऊर्जा या विषयाची पदवी ऱ्हाइन-वाल विद्यापीठात, काम्प-लिंटफोर्टला आहे.

फीचं खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, फक्त दर सेमिस्टरचा ठरावीक आकार. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. खरा अडसर दुसरीकडे आहे. व्हिसासाठी वर्षाचा राहण्याखाण्याचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. दरमहा ९९२ युरो तुझ्या हातात येतात. पैसे तुझेच, पण सुरुवातीला ते एकरकमी उभे करायचे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण घरी हिशोब मांडताना ते धरू नकोस. पहिल्या वर्षी गणित आणि रसायनशास्त्र इतकं अंगावर येतं की कामाला वेळ कमीच उरतो.

दुसरी गोष्ट सल्लागार लोक सांगत नाहीत. बारावीवर थेट प्रवेश साधारणपणे मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असशील तर गोष्ट वेगळी. नाहीतर जर्मनीत स्टुडियनकोलेगचं, म्हणजे परदेशी मुलांच्या प्रवेशपूर्व तयारीचं, एक वर्ष, आणि त्याला बहुतेक ठिकाणी जर्मन यावं लागतं. किंवा भारतातच जुळणाऱ्या विषयात पदवीचं पहिलं वर्ष पास व्हायचं आणि मग अर्ज. मी हेच केलं. बेळगावातच बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं आणि रोज संध्याकाळी जर्मन. ते वर्ष वाया गेलं असं घरचे म्हणत होते. मला तसं वाटत नाही. त्या वर्षात माझं इंग्रजी सुधारलं, नाहीतर पहिल्याच सेमिस्टरला नापास झालो असतो.

पुढे एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, १८,००० रुपये. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेतून जातात, पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसा बेंगळूरला. हे सगळं आपलं आपल्याला करता येतं, चाळीस हजार कुणाला देऊ नका.

तुझ्या मातीच्या प्रश्नावरून एक सांगतो. हा भाग लिग्नाइट कोळशाचा. खाणीसाठी इथली गावंच्या गावं उठवली, त्यात होर्नो नावाचं सॉर्बी लोकांचं गाव होतं. सॉर्बी म्हणजे इथले वेगळी भाषा असलेले अल्पसंख्याक. शहराच्या कडेला एक जुनी खाण आहे, २०१९ च्या एप्रिलपासून त्यात पाणी सोडून तलाव केलाय. पण खणलेल्या मातीतलं पायराइट हे लोह-गंधकाचं खनिज हवा-पाण्याला लागलं की त्यातून आम्ल आणि लोह सुटतं. त्या लोहाने स्प्री नदीचे काही फाटे अजून तांबूस वाहतात. काठावरच्या दगडावर बोट फिरवलं की गेरूसारखा गाळ लागतो. खाण बंद झाली म्हणून पाणी बरं होत नाही, हे मी इथे शिकलो. इथल्या पाट्यांवर जर्मनच्या खाली सॉर्बी नावं असतात. पहिल्या दिवशी त्या बघून बेळगावची फार आठवण आली.

निपाणीचे काका

बाळ, मी बँकेत तीस वर्षं काढली. कर्जाचं स्पष्ट सांगतो. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, त्यावर बहुतेक वेळा तारण आलंच. आणि शेतजमीन बँका सहसा घेत नाहीत. सरफेसी कायदा शेतीला लागू होत नाही, म्हणजे कर्ज थकलं तर त्या कायद्याने बँकेला जमिनीला हात लावता येत नाही. त्यामुळे उतारा घेऊन चार शाखा फिरून बाबांना दमवू नकोस. गावातलं घर चालतं. पंचायतीकडून ई-स्वत्तूचा, म्हणजे गावातल्या घरजागेच्या ऑनलाइन नोंदीचा, नमुना ९ आणि ११ आधी काढा. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारसा लावायचा, भाऊभावात असेल तर सगळ्यांच्या सह्या. यालाच सहा महिने जातात, बँकेला नाही. तेव्हा आजपासूनच लागा. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम कर्जातून भरता येते. शिक्षण अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमलं तर व्याज तेवढं महिन्याला भरत राहा.

सिरसीकर ताई

माझं मत थोडं वेगळं आहे. मी कडोलीची, सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षं शिकले. धारवाड कृषी विद्यापीठाचं आहे ते. शेतकऱ्याच्या मुलांना वेगळा कोटा असतो, फी झेपणारी. पदवीसाठी बाहेरच्या मोठ्या शिष्यवृत्त्या जवळपास नाहीतच. युरोपीय संघाच्या एरास्मुस मुंडुस किंवा जर्मनीच्या डाड (DAAD) या मोठ्या शिष्यवृत्त्या मास्टर्सला मिळतात, त्यातल्या काहींना दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. इथे पदवी, दोन वर्षं काम, मग पूर्ण खर्चानिशी बाहेर, हा रस्ता घर गहाण न ठेवता होतो. महाराष्ट्राच्या परदेशी शिष्यवृत्त्यांचं कुणी सांगितलं तर आधी अधिवास दाखल्याची अट वाच, आपलं तिथेच अडतं.

पण तुझं मन जर्मनीवर असेल तर मी नको म्हणणार नाही. पहिलं वर्ष तर दोन्हीकडे इथलंच आहे.

आणि बाटल्यांबद्दल. पाणी असं महिनोन्‌महिने ठेवून तपासता येत नाही गं. पीएच तिथल्या तिथे बघायचा. बीओडीची, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची, तपासणी चोवीस तासांच्या आत लागावी लागते, तोवर नमुना थंड ठेवायचा. तुझ्या प्रश्नाचं उत्तर पाण्यापेक्षा गाळात जास्त सापडेल, जड धातू गाळाला धरून बसतात. पाणी ओसरल्यावर तोच तेलकट थर आणि त्याखालची वीतभर माती, वेगवेगळी घे. नाल्यापासून लांबच्या, पाणी न शिरलेल्या शेतातली पण घे, नाहीतर तुलना कशाशी करणार? बाटल्यांवर तारीख, वेळ, जागा घातलीस का?

शिवारातली

दादा, काका, ताई, तुम्ही एवढं लिहिलंत. मी सगळं बाबांना वाचून दाखवलं. शेत गहाण पडत नाही हे ऐकून त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. घर आजोबांच्याच नावावर आहे. धाकटे काका पुण्याला असतात, गणपतीला येतील तेव्हा सहीचं बोलायचं ठरलंय. मी इथे बीएस्सीला रसायनशास्त्र घेऊन पहिलं वर्ष करते, आणि जर्मन लावते. सिरसीसाठी सीईटीचा अर्जही भरते, ताई. निकाल लागेपर्यंत दोन्ही राहू देत.

तारीख घातली नव्हती. चारही बाटल्या आज ओतून टाकल्या आणि धुवून उन्हात ठेवल्या. आमच्या मामांचं शेत राजहंसगडाच्या बाजूला चढावर आहे, तिथे नाल्याचं पाणी कधीच येत नाही. तिथली माती चालेल ना?

सिरसीकर ताई

चालेल. पण मामांना विचार, गेल्या दोन वर्षांत खत कुठलं घातलं ते. तेही लिहून ठेव.